हूं म्हणणारी गादी

मानवी संस्कृतीच्या इतिहासात अग्नी, चाक आणि छपाई यांच्यानंतरची चौथी क्रांती दोन हजार एक्केचाळीस साली मंगळवेढ्यात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर झाली. हे आमचं मत नव्हे. वाचनालयाचे अध्यक्ष शिवलिंगअण्णा यांनी भर सभेत तसं जाहीर केलं, आणि त्यांचं वाक्य पुरतं व्हायच्या आत सभागृहातल्या चाळीसही गाद्या गप्प झाल्या.

गाद्या गप्प होणं हीच ती क्रांती. प्रत्येक श्रोत्याच्या बुडाखाली एक चौकोनी गादी होती. श्रोत्याचं लक्ष असेपर्यंत ती अधूनमधून हळूच "हूं" म्हणायची, लक्ष उडालं की थांबायची. अण्णांच्या भाषणात गाद्या सुरुवातीला थोड्या बोलल्या होत्या, पण तेव्हा अण्णा नुसते माईक नीट करत होते. आता सगळीकडं शांतता होती. गाद्यांचे जनक डॉ. विश्वंभर पुजारी यांना आनंद आवरेना. यंत्र चोख चाललं होतं. अण्णांनी त्यांच्याकडं एकदा रोखून बघितलं, हातातली उरलेली पानं दुमडून खिशात घातली आणि म्हणाले, "खाली चहा-भज्यांची सोय केलेली आहे."

चाळीस गाद्या एका सुरात म्हणाल्या, "हूं."

गोष्ट ऐकताना हुंकारा द्यायचा ही आपल्याकडची जुनी रीत. सांगणाऱ्यानं सांगावं, ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणावं. हुंकारा थांबला की सांगणारा ओळखायचा, पोरगं झोपलं. आणि राजकन्येला राक्षसाच्या गुहेत तशीच सोडून स्वतःही आडवा व्हायचा. डॉक्टरांनी हा हुंकारा तोंडाकडून काढून हृदयाकडं सोपवला, इतकंच. कारण त्यांच्या मते तोंड भिडस्त असतं. ते झोपेतही "वा, छान" म्हणू शकतं.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. माणूस बसलेला असताना त्याचं हृदय दर ठोक्याला सगळ्या अंगाला एक बारीक धक्का देतं. आपल्याला तो कळत नाही, पण खाली पुरेशी नाजूक गादी असली तर तिला कळतो. त्यावरून ठोके मोजता येतात, श्वासही मोजता येतो. आता गंमत अशी, की एकच गोष्ट ऐकत असलेली माणसं एकमेकांना ओळखत नसली, तरी त्यांची हृदयं गोष्टीच्या चढउताराबरोबर एकदमच वेग घेतात आणि एकदमच मंदावतात. एखाद्याचं मन गोष्टीतून उठून गेलं की त्याच्या हृदयाचा ठेका बाकीच्यांपासून सुटतो. गादी तेवढंच ताडून बघायची: ठेका जुळला, "हूं", सुटला, गप्प. घरी एकटाच श्रोता असेल तर ती सांगणाऱ्याच्या आवाजाशी ठेका जुळवून बघायची.

डॉक्टर मूळचे मंगळवेढ्याचेच. बंगळुरात वीसेक वर्षं लोकांच्या मेंदूंचा अभ्यास करून ते गावी परतले होते. यंत्राला त्यांनी आधी "उशी" म्हणायचं ठरवलं होतं. पण उशीवर बसू नये अशी शिकवण असलेल्या गावात उशीवर कोण बसणार? म्हणून गादी. पहिली गादी त्यांनी स्वतःच्या खुर्चीत घालून बघितली. त्यांची पत्नी बोलू लागली की ती गप्प व्हायची. तो प्रयोग त्यांनी पुन्हा केला नाही.

गाद्या आणल्या होत्या त्या वाचनालयाच्या कुमार कथालेखन वर्गासाठी. आठवी ते बारावीची चौदा-पंधरा मुलं दर रविवारी तिथं जमून गोष्टी लिहायची. आजवर त्यांना दोनच प्रकारचे अभिप्राय मिळत आले होते: "छान आहे, लिहीत राहा" आणि "अक्षर सुधारा". डॉक्टरांनी हा अंधार दूर करायचं मनावर घेतलं.

"यापुढं तुम्हाला कुणाच्या मतावर अवलंबून राहावं लागणार नाही," ते मुलांना म्हणाले. "गोष्ट वाचा. गादी जिथं गप्प होईल ते वाक्य काढा. पुन्हा वाचा. पुन्हा काढा. शेवटी जी उरेल ती उत्तम कथा."

"आणि काहीच उरलं न्हाई तर, सर?" आदिनाथनं विचारलं. हा दहावीतला, वर्गात सगळ्यांत उंच, आणि गोष्टी सगळ्यांत आखूड लिहिणारा.

"तर तुम्ही कवी आहात," डॉक्टर म्हणाले.

थोड्याच दिवसांत वर्गाची प्रगती डोळ्यांत भरू लागली. वर्णनं गेली. हवामान गेलं. नायकाचं बालपण गेलं. गोष्ट पहिल्या ओळीतच पेटू लागली. कुणाच्या न्हाणीघरात साप निघायचा, कुणाच्या लग्नात बाँब सापडायचा. एका मुलीच्या गोष्टीत लग्नही होतं, बाँबही होता आणि साप ऐनवेळी बाँबला डसायचा. आदिनाथनं तर कळस केला. गाद्या कोणत्या शब्दांना हमखास "हूं" म्हणतात ते हेरून त्यानं फक्त त्याच शब्दांची गोष्ट लिहिली. ती अशी सुरू व्हायची: "साप. किंकाळी. दार. कोण? वहिनी. रक्त. साप." गाद्या पहिल्यापासून शेवटपर्यंत हुंकारत राहिल्या. डॉक्टरांचे डोळे पाणावले.

या सगळ्यात मागं पडली ती राजनंदिनी नागणे. अकरावीतली. घरी तिला नंदू म्हणत.

नंदूची गोष्ट एका बाईची होती. ती भाड्याच्या खोलीत राहत असते, आणि एके दिवशी दुपारी पिशवी भरून कायमची निघते. कुठं जायचं तिला माहीत नसतं. स्टँडवर येऊन ती पाटी न वाचता समोरच्या एसटीत बसते. निघण्याआधी ती खोली झाडते, कुलपाची किल्ली खिडकीत ठेवते, आणि मग एक वाक्य यायचं: "जाताना तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. महिना संपायला अजून चार दिवस होते."

या वाक्याला वर्गातल्या बऱ्याच गाद्या गप्प व्हायच्या.

"काढा," डॉक्टर म्हणाले. "इथं श्रोता निघून जातोय."

"सर, पण ते वाक्य..."

"आवडतं ना तुम्हाला? मलाही माझी पहिली गाडी आवडायची. ब्रेक लागत नव्हते."

नंदूनं वाक्य काढलं नाही. ती गादी घेऊन घरी गेली. प्रत्येकानं एक गादी घरी नेऊन घरच्या श्रोत्यावर गोष्ट तपासायची, असा वर्गाचा नियम होता. आणि नंदूची घरची श्रोती हुकमी होती.

सुवर्णाआत्या म्हणजे नंदूच्या वडिलांची थोरली बहीण. नंदूच्या जन्माच्याही आधी ती विजयपूरचं सासर सोडून भावाकडं आली होती. का आली, हे घरात कुणी विचारत नसे, आणि ती सांगत नसे. आल्या आल्या तिनं चूल ताब्यात घेतली. पुढं कडक भाकरीचा धंदा सुरू केला, आणि आता तिच्या पापडासारख्या कुरकुरीत भाकरी सोलापूर-पुण्यापर्यंत जात होत्या. सकाळी ती पाटावर बसून परातीत भाकरी थापायची आणि नंदू शेजारी पिठाच्या डब्यावर बसून गोष्ट वाचायची. दुसरीत असल्यापासूनची ही पद्धत. "एक होता उंदीर" पासून आजपर्यंतची नंदूची प्रत्येक गोष्ट आधी त्या पिठानं ऐकलेली.

आत्याचा अभिप्राय ठरलेला होता: "लई भारी." उंदीर मेला तरी लई भारी, जगला तरी लई भारी.

"आत्या, ऊठ जरा. पाटावर ही गादी घालू."

"कशाची हाय?"

"हुंकारा देती. तुझं लक्ष हाय का बघती."

"माझ्यावर बसवलीय व्हय पहारेकरी?" आत्या गादीवर बसली, जरा हलून बघितलं. "मऊ हाय पण. वाच."

नंदूनं वाचलं. थप थप थप थप, भाकरी गोल होत होती, गादी अधूनमधून "हूं" करत होती. बाईनं खोली झाडली, हूं. किल्ली खिडकीत ठेवली, हूं. कॅलेंडरचं पान उलटलं.

गादी गप्प. एसटी आली, बाई बसली, एसटी गावाबाहेर पडली, तरी गप्पच.

"लई भारी," आत्या म्हणाली.

नंदूनं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. त्याच वाक्याला गादी गप्प. तिसऱ्या दिवशी आवाज चढवून, हातवारे करून वाचलं. तिथंच गप्प. आणि वर पुन्हा, "लई भारी."

आता विचार करा. दुसरीपासून जिनं आपल्याला लेखिका ठरवलं, ती इतकी वर्षं नुसतं तोंडदेखलं बोलत होती, हे एका गादीनं तीन दिवसांत दाखवून दिलं. नंदूनं गादी उचलून कपाटावर ठेवली, आणि दुसऱ्या सकाळपासून स्वयंपाकघरात येणं बंद केलं. गोष्ट ती खोलीचं दार लावून भिंतीला वाचू लागली. भिंत निदान खोटं बोलत नव्हती.

"काय गं, गोष्टी संपल्या व्हय?" आत्यानं एकदा विचारलं.

"अभ्यास हाय."

आत्या "बरं" म्हणाली. पण त्या आठवड्यात सोलापूरहून तक्रार आली की भाकरी जाड येत आहेत. धंदा सुरू झाल्यापासूनची ही पहिली तक्रार.

नंदूनं कॅलेंडरचं वाक्य काढून टाकलं. मग जागा मोकळी झाल्यावर बाईच्या पिशवीत एक सोन्याची मूर्ती घातली, मागं एक चोर लावला, एसटीला आग लावली. वर्गातल्या गाद्या खुशीत हुंकारू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आता झाली कथा."

वर्गाच्या शेवटी कथास्पर्धा होती. निकाल गाद्या देणार; ज्या गोष्टीला हुंकारे सर्वाधिक, ती पहिली. जिंकणारी गोष्ट डॉक्टर देशभर दाखवणार होते: यंत्राच्या मदतीनं लहान लेखक किती सुधारतो, याचा नमुना म्हणून. फक्त श्रोते कुठून आणायचे हा प्रश्न होता.

"नुसत्या गोष्टी ऐकायला कोण येतंय, डॉक्टर?" शिवलिंगअण्णा म्हणाले. "माझ्या रानात हुरडा ठेवू. गाव लोटंल."

"अण्णा, पोट भरलं की रक्त पोटाकडं जातं. ठोके बदलतात. झोप येते. प्रयोगाचं काय?"

"सगळ्यांचंच पोट भरलेलं असंल की. ठेका जुळंल."

डॉक्टरांना या युक्तिवादात चूक सापडेना. शास्त्रज्ञाच्या आयुष्यात असे क्षण येतात. जानेवारीतला एक रविवार ठरला.

त्या सकाळी आत्या हुरड्यासोबत न्यायला भाकरी बांधत होती. नंदू पाण्याची बाटली भरायला आत आली, तेवढ्यात आत्या पाठमोरीच म्हणाली, "आज वाचणार ती गोष्ट, तीच व्हय, खोलीतल्या बाईची?"

"व्हय."

"कॅलेंडरचं पान उलटती का अजून?"

"काढलं ते."

आत्याचा हात थांबला. "काढलं? बरं." मग मागं वळून, "का काढलं?"

"तुझं लक्षच नसतं तिथं."

आत्या उरलेली भाकरी थापू लागली आणि ती फाटली. आत्याची भाकरी फाटलेली नंदूनं जन्मात पाहिली नव्हती.

नंदू बाटली घेऊन दारापर्यंत गेली आणि थांबली. "आत्या, त्या गोष्टीत एसटीत बाईशेजारी कोण बसतं?"

"कोण बसतं?"

"मी विचारतीय. तीनदा वाचलीय तुला."

"आता ते कुठं ध्यानात राहतंय, नंदे."

"मग कॅलेंडर बरं राहिलं."

आत्यानं फाटलेल्या भाकरीचा पुन्हा गोळा केला. "ते राहिलं," ती म्हणाली.

अण्णांच्या रानात आगटी पेटली होती. शेणी धुमसत होत्या, त्यांच्या धगीत ज्वारीची कोवळी कणसं भाजली जात होती आणि अण्णांचे गडी ती तळहातावर चोळून गरम हिरवे दाणे लोकांपुढं टाकत होते. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, आत्याच्या भाकरी. लोक इतके आले की गाद्या पुरेनात. ज्यांना मिळाल्या नाहीत ते पोत्यावर बसले आणि आपलं हृदय आपल्यापाशीच ठेवून ऐकू लागले. आत्याला पुढच्या रांगेत गादी मिळाली. तिच्या शेजारी अण्णा.

पहिला आदिनाथ. "साप. किंकाळी. दार." गाद्यांनी नुसता गजर केला. टाळ्या पडल्या. आदिनाथ खाली बसल्यावर अण्णा आत्याकडं वाकून म्हणाले, "शेवटी कोण मेलं?"

"वहिनी वाटतं. का साप?"

"साप तर सुरवातीलाच मेलता."

"तो दुसरा असंल."

दोघांनी तिथंच तो विषय सोडला. पुढच्या गोष्टीही तशाच गेल्या. डॉक्टर आकडे बघून खूश होते. अधूनमधून एखादी गादी गप्प व्हायची, पण ती पोटभर हुरडा खाऊन खरंच झोपलेल्या माणसाची असायची.

मग नंदू उभी राहिली. हातातल्या फोनवर गोष्ट उघडी होती: मूर्ती, चोर, आग, सगळं जागच्या जागी. तिनं सुरुवात केली. बाईनं खोली झाडली, हूं. किल्ली खिडकीत ठेवली, हूं. पुढचं वाक्य चोराचं होतं. नंदूनं ते बघितलं, पुढं आत्याकडं बघितलं, आणि फोन खाली केला.

"जाताना तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं," ती म्हणाली. "महिना संपायला अजून चार दिवस होते."

आत्याची गादी थांबली. मग अण्णांची. मग मागची रांग, त्यामागची रांग. चाळीस गाद्या गप्प झाल्या. आगटीत एक कणीस तडतडलं, तेवढाच आवाज. डॉक्टर हळूच म्हणाले, "अरेरे."

नंदूनं पुढं वाचायला हवं होतं. श्रोत्यांशी बोलायचं नाही, असा स्पर्धेचा नियमही होता. पण तिनं लोकांकडं नीट बघितलं. कुणी जांभई देत नव्हतं. कुणी फोन काढला नव्हता. अण्णांच्या हातातला हुरडा हातातच होता आणि अण्णांच्या बाबतीत ही गोष्ट साधी नव्हती.

"आत्या," तिनं विचारलं, "कुठं गेलतीस?"

"कोण, मी?" आत्या दचकली. "न्हाई बा. हितंच हाय."

"गादी म्हणती गेलतीस."

आत्यानं एकदा खाली गादीकडं बघितलं, चुगलखोराकडं बघावं तसं. मग पदरानं हात पुसले.

"विजयपूरला," ती म्हणाली. "मी निघाले त्या दिवशी. नवरा महिना-महिना घरी यायचा न्हाई, आला की आधी भांडी मोजायचा. एक दिवस वाटलं, बास. पिशवी भरली. निघताना बघते तर दूध तापवून ठेवलेलं, कोमट झालेलं. वाया जाईल म्हणून विरजण लावलं. मग निघाले. माणसं सोडून चालले, आणि दही लावून चालले. एसटीत सगळ्या वाटेनं एकच विचार. लागलं असंल का? कुणी खाल्लं असंल? का ओतून दिलं?"



"तू हे कधी सांगितलं न्हाईस," नंदू म्हणाली.

"कुणी विचारलं न्हाई. आणि दह्याचं काय सांगायचं?"

"आन् मी इकडं समजले, तुला कंटाळा येतोय."

"कंटाळा? अगं, तुझं ते वाक्य आलं की मी सरळ एसटीतच बसते. माघारी येईपर्यंत तुझी गोष्ट संपलेली असती. मग म्हणते, लई भारी. खोटं न्हाई म्हणत. फक्त पुढचं ऐकलेलं नसतं."

आधी अण्णा हसले. मग सगळं रान हसलं, आणि त्यात नंदूचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. तिला वाटत होतं तसं झालं नव्हतं. श्रोती तिच्या गोष्टीतून पळून गेली नव्हती. तिच्या गोष्टीच्याच वाटेनं विजयपूरला गेली होती.

आता गप्प बसेल तो मंगळवेढ्याचा कसला. एकेकाला वाचा फुटली. अण्णा म्हणाले, ते त्यांच्या बैलाकडं गेले होते. त्याला बाजारात विकून परत आल्यावर त्यांनी मोकळ्या दाव्याला रोजच्यासारखी गाठ मारून ठेवली होती. एक शिक्षिका म्हणाल्या, बदली झाल्यावर त्यांनी पुढच्या बाईंसाठी फळ्यावर तारीख लिहून ठेवली होती, दुसऱ्या दिवशीची. मागून एक जण म्हणाला, "मी झोपलो होतो," आणि लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाचंही कौतुक केलं.

"डॉक्टर, तुम्ही?" नंदूनं विचारलं.

"मी गादीवर नाही."

"तरी पण."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हॉस्टेलची खोली सोडताना," ते म्हणाले, "मी बल्ब काढून घेतला होता. माझ्या पैशाचा होता." मग चष्मा परत चढवत, "पुढचा मुलगा संध्याकाळी आला असणार."

त्यांच्या पत्नी पोत्यावर बसल्या होत्या. लग्नाला अठरा वर्षं झाली. ही गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी सरकून डॉक्टरांना शेजारी जागा करून दिली.

स्पर्धा अर्थातच आदिनाथनं जिंकली. नियम म्हणजे नियम. नंदू शेवटून दुसरी आली. शेवटचा नंबर ज्याचा आला त्यानं गोष्ट आणलीच नव्हती. करंडक काखेत मारून आदिनाथ तिच्यापाशी आला.

"नंदूताई, मला पण एक तसलं वाक्य दे की. माणसं कुठंतरी जातील असलं."

"मी कुठनं देऊ? तुझ्या घरात काय हाय?"

"काय असणार? टीव्ही, फ्रीज. एक स्कूटर हाय आजोबांची. पेट्रोलची. चालत न्हाई. रोज सकाळी पुसतात अन् एकदा हॉर्न वाजवतात."

नंदू त्याच्याकडं बघतच राहिली. "घरात स्कूटर असताना तू साप कशाला आणत बसलास?"

आदिनाथनं करंडक खाली ठेवला आणि डोकं खाजवलं. त्याच्या तोंडावरून दिसत होतं, तो घरी पोचला आहे.

पुढचा महिनाभर डॉक्टर त्या दिवसाची नोंद तपासत बसले, आणि फरक त्यांना सापडला. कंटाळलेल्या माणसाचे ठोके ठेक्यातून सुटले की कसेही भरकटतात आणि परत येत नाहीत. तो चहाची वाट बघत असतो. आठवणीत गेलेल्या माणसाचा श्वास आधी खोल जातो, ठोके मंदावतात, आणि थोड्या वेळानं तो माणूस गोष्टीकडं परत येतो, निघाला होता त्यापेक्षा जवळ येऊन बसतो. गादीनं दोन्हींना एकाच मापानं मोजलं होतं. नव्या गादीत डॉक्टरांनी सुधारणा केली. कंटाळा असेल तर ती गप्प राहते, पण माणूस खरंच कुठं गेला असेल तर गोष्ट संपल्यावर हळूच विचारते, "कुठं गेला होता?"

ही गादी राज्यभर गेली, मग राज्याबाहेर. वर्गावर्गांत मुलं आता गोष्टी वाचतात आणि नंतर बसून श्रोत्यांच्या गोष्टी ऐकतात. यात वेळ दुप्पट जातो, अशी शिक्षकांची तक्रार आहे. एका गावात नवरा-बायकोनं ती गादी दिवाणखान्यात ठेवली, आणि पहिल्या संध्याकाळी ती दोघांनाही इतक्यांदा "कुठं गेला होता" विचारत सुटली की त्यांनी शेवटी टीव्ही बंद करून एकमेकांनाच विचारलं. आदिनाथची स्कूटरची गोष्ट वाचनालयात वाचली गेली तेव्हा आजोबा पुढच्या रांगेत होते. गोष्ट आखूडच होती. पण ती संपल्यावर कुणाला लवकर उठता येईना.

नंदू परत पिठाच्या डब्यावर बसू लागली, आणि वाचनालयाची एक गादी पुन्हा आत्याच्या पाटावर आली. भाकरी पातळ झाल्या. आणि एका सकाळी, गोष्ट अर्ध्यात असताना, आत्यानं हात धुतले, फोन घेतला आणि विजयपूरला आपल्या धाकट्या जावेला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी सुवर्णा. व्हय, तीच. बरी हाय. तू? ऐक, एक विचारायचं होतं. मी निघाले तेव्हा फडताळात दही लावलं होतं." ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "घट्ट लागलं होतं? कढी केलीस? आंबट होतं का?" पुन्हा ऐकलं. "जरासं असायचंच," ती म्हणाली, आणि डोळे पुसत हसू लागली. जाऊ पलीकडून काहीतरी सांगत सुटली होती. त्या दिवशी सोलापूरची गाडी भाकरीविना गेली.

होळीच्या आधी डॉक्टर आणि शिवलिंगअण्णा शाल-नारळ घेऊन नागण्यांच्या घरी आले. आत्या भाकरी थापत होती; ती उठेना, म्हणून सत्कार स्वयंपाकघरातच उरकायचं ठरलं. अण्णा चुलीसमोर उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की मानवी संस्कृतीच्या इतिहासातली पाचवी क्रांती या परातीपाशी झालेली आहे. डॉक्टरांनी सांगितलं की जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत ते सुवर्णाताईंच्या दह्यावर निबंध वाचणार आहेत. मंगळवेढ्याचं नाव आता विज्ञानाच्या पुस्तकांत जाणार. त्या बदल्यात वाचनालय त्यांना काय देऊ शकेल, ते त्यांनी निःसंकोच सांगावं.

आत्यानं भाकरी तव्यावर टाकली.

"काही नको," ती म्हणाली. "ही गादी तेवढी माघारी नेऊ नका. पाटावर बसून कंबर धरती माझी. फक्त हिचा आवाज बंद करून द्या. प्रत्येक थापेला हूं म्हणती."